वायपर बदलण्याआधी काच बघा

मे उजाडला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. एसी थंड करत नाही ही तक्रार मागे पडते आणि वायपर पुढे सरकतो. एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो, ऑक्टोबरपासून हात न लागलेला वायपर चालू केला जातो आणि समोरची काच पुसली जाण्याऐवजी चिखलाने सारवून निघते. या महिन्यात वायपर आणि काच यांचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : गेल्या जूनमध्ये दोन्ही ब्लेड नवी टाकली. तरी रात्री समोरून गाडी आली की काचेवर पांढरट पडदा पसरतो. दुकानदार म्हणतो, आणखी महागातलं घ्या. घ्यावं का? (वाचक, रत्नागिरी)

इतक्यात पैसे काढू नका. बिघडलेला वायपर काचेवर खूण सोडतो. ती खूण नीट बघितली तर दोष रबराचा आहे, दांडीचा आहे की काचेचा, हे बहुतेक वेळा गाडीत बसल्याबसल्या कळतं.

प्रत्येक फेरीला अगदी त्याच जागी एकच बारीक रेघ उमटत असेल, तर रबराच्या धारेला तिथे कपची पडली आहे किंवा वाळूचा कण चिकटला आहे. ओल्या फडक्याने धार पुसा. रेघ गेली तर कण होता, राहिली तर ब्लेड गेलं. एका रेघेऐवजी रेघांचं जाळं दिसत असेल तर रबर वाळून कडक झालं आहे आणि त्यावर इलाज नाही. चार बोटं रुंदीचा पट्टा पुसलाच जात नसेल, तर तिथे दाब पोचत नाही. ब्लेडची चौकट वाकली आहे, दांडीची स्प्रिंग सैल आहे किंवा ब्लेडचा बाक तुमच्या काचेच्या बाकाशी जुळत नाही, यांपैकी काहीतरी एक.

आता तुमचा पडदा. वायपर पुढे गेल्यावर मागे धुकं उरतं आणि सेकंदभरात विरतं, असं होत असेल तर तो काचेवरच्या तेलकट थराचा खेळ आहे. डिझेलच्या गाड्यांचा धूर, रस्त्यावरून उडणारं तेल आणि धुलाई केंद्रात बॉडीवर मारलेलं मेण हे सगळं काचेवर बसतं. साध्या पाण्याने ते निघत नाही. कितीही भारी ब्लेड लावलं तरी ते हा थर पसरवण्याचंच काम करणार.

आधी काच आतून बघा. बंद गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफा निघतात आणि काचेच्या आतल्या बाजूला त्यांचा पातळ थर बसतो. दिवसा तो दिसत नाही, समोरच्या दिव्यांत मात्र चमकतो. काचेचा उजवा अर्धा भाग आतून स्वच्छ पुसा, डावा तसाच ठेवा आणि रात्री एक चक्कर मारून या. दोन्हींत फरक दिसला तर उत्तर सापडलं, आणि खर्च एका फडक्याचा.

बाहेरून काच गाडीच्या शाम्पूने धुवा. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. कापडाच्या घड्या बदलत राहा, नाहीतर काढलेला थर पुन्हा काचेवरच जातो. हाताला लावायचं जेल सॅनिटायझर इथे वापरू नका, त्यातलं ग्लिसरिन नवा थर देतं. एवढ्यानेही काम झालं नाही तर सेरियम ऑक्साइड असलेलं काचेचं पॉलिश आणा. ओल्या काचेवर ते ओल्या स्पंजने गोल गोल घासायचं, वाळू द्यायचं नाही. मग काचेवर पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरलं की काच स्वच्छ झाली. जिथे ते फाटतं, थेंबाथेंबांनी तुटतं, तिथे थर शिल्लक आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वेगळे. त्यांना व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पाच मिनिटं ओलं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हे काम सावलीत करा आणि व्हिनेगर रंगावर ओघळू देऊ नका.

ओल्या वर्तमानपत्राने काच पुसायची सवय अनेक घरांत आहे. घरच्या आरशाला ती ठीक. गाडीच्या काचेवर बारीक वाळू असते आणि कागद ती पोटात न घेता काचेवर फरफटवतो.

प्रश्न : ब्लेडची जोडी ऑनलाइन मागवली आहे. मेकॅनिककडे न जाता घरी बसवता येईल का? काच फुटण्याची भीती वाटते. (वाचक, नाशिक)

येईल, आणि भीतीही रास्त आहे. ब्लेड काढल्यावर दांडीच्या टोकाला नुसतं लोखंड उरतं आणि स्प्रिंगच्या जोराने ती काचेवर आपटली तर एका ठोक्यात तडा जातो. म्हणून काम सुरू करण्याआधी टॉवेलची चार पदरी घडी करून दांडीच्या खाली काचेवर पसरा. एकावेळी एकच बाजू उघडा. दुसरी जागेवर असली की नवं ब्लेड कसं बसायला हवं याचा नमुना समोर राहतो.

किल्ली बंद, वायपर खाली मूळ जागी. दांडी धरून उभी करा. काही गाड्यांत दांड्यांचा खालचा भाग बॉनेटच्या कडेखाली दडलेला असतो. त्या तशाच उचलल्या तर बॉनेटचा रंग खरवडतो. अशा गाड्यांना सर्व्हिस पोझिशन दिलेली असते. बऱ्याच मॉडेलमध्ये किल्ली बंद केल्यावर काही सेकंदांत वायपरचा खटका दाबला की दांड्या काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. तुमच्या गाडीची नेमकी रीत मालकाच्या पुस्तिकेत असते. दांड्या उभ्या असताना बॉनेट उघडू नका.

आपल्याकडच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांत दांडीचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं असतं. दुकानदार त्याला यू-हुक म्हणतो. ब्लेड दांडीला काटकोनात फिरवा. आकड्याच्या पोटात प्लास्टिकची चाप दिसेल, तिला एक जीभ असते. जीभ दाबून धरा आणि ब्लेड दांडीच्या बुडाकडे, म्हणजे खाली ढकला. वर ओढण्याची चूक जवळपास सगळेच करतात आणि मग पक्कड शोधतात. खाली सरकवल्यावर आकडा चापेतून सुटतो. मग ब्लेडच्या खाचेतून आकडा अलगद बाहेर काढायचा. ब्लेड कित्येक वर्षं तिथेच असेल तर चाप मातीने धरून ठेवलेली असते. पाण्याची पिचकारी मारून माती काढा, जीभ दाबून ब्लेड मागेपुढे हलवा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की जीभ तुटते. इथे ब्लेड टाकूनच द्यायचं आहे म्हणून चालेल, पण हात निसटला तर तो काचेवर जातो.

ब्लेड निघालं आणि जुनी चाप आकड्यातच राहिली, असंही होतं. मग नवं ब्लेड आत जात नाही आणि चुकीचा माल आला असं वाटतं. आकडा रिकामा आहे का ते बघून मगच पुढे जा.

नव्या ब्लेडच्या पाकिटात तीन-चार जोडण्या येतात. आकड्याची रुंदी आणि जाडी गाडीगाडीनुसार थोडी वेगळी असते, म्हणून ब्लेडवर आधीच लावलेली जोडणी तुमचीच असेल असं नाही. सैल बसली तर काढून दुसरी लावा. आकडा खाचेतून घालून ब्लेड दांडीच्या टोकाकडे ओढा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाज आल्यावरही ब्लेड दोन्ही दिशांना जोराने ओढून बघा. अर्धवट बसलेलं ब्लेड ओल्या काचेवर चार फेऱ्या नीट करतं आणि द्रुतगती मार्गावर उडून जातं.

रबराच्या धारेवर प्लास्टिकची पातळ पन्हळ असते, ती काढा. हे सांगायला नको असं वाटेल, पण ‘नवं ब्लेड पुसतच नाही’ या तक्रारीचं मूळ कैकदा ही पन्हळच असते. चपट्या ब्लेडला पाठीवर उंचवटा असेल तर त्याचा उतार बॉनेटकडे यायला हवा, म्हणजे समोरचा वारा त्यावर चढतो आणि ब्लेड काचेवर दाबलं जातं. उलटं बसलं तर ऐंशीच्या वेगाला तेच ब्लेड काचेवरून उचललं जातं.

टॉवेल काढा, दांडी हाताने धरून सावकाश टेकवा. काच ओली करून मंद गतीवर पाच-सहा फेऱ्या चालवा. कोरड्या काचेवर चालवून बघायचं नाही. नव्या रबराच्या धारेवर ग्राफाइटचा लेप असतो आणि तो कोरड्या घासण्याने पहिल्याच दिवशी उतरतो.

प्रश्न : माप कसं ठरवायचं? दुकानदार म्हणतो, चपटं ब्लेड सगळ्यांना बसतं. (वाचक, ठाणे)

सगळ्यांना बसतं म्हणजे आकड्यात अडकतं. सगळ्या काचांना बसतं असं नव्हे.

माप ब्लेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बाकाच्या कडेने घ्या. बाजारात ते इंचात बोललं जातं आणि पाकिटावर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं: १६ इंच म्हणजे ४००, १८ म्हणजे ४५०, २० म्हणजे ५००, २४ म्हणजे ६००. दोन्ही बाजूंची मापं स्वतंत्र घ्या. आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत चालकाकडचं ब्लेड सहसा लांब असतं, पण दोन्ही सारखी असलेल्या गाड्याही आहेत. जोडीची अदलाबदल झाली की लांब ब्लेड डाव्या बाजूला जातं आणि दोन्ही एकमेकांवर आपटतात किंवा एक काचेच्या कडेबाहेर जातं. ‘दोन इंच जास्तीचं लावा, जास्त पुसेल’ हा सल्लाही ऐकू नका. स्प्रिंगचा दाब तेवढाच राहतो आणि तो जास्त लांबीवर वाटला जातो.

हा दाब घरी मोजता येतो. वायपर काचेच्या मध्यावर थांबवा, दांडीच्या टोकाला, जिथे ब्लेड अडकतं तिथे, भाजी तोलायचा आकड्याचा काटा लावा आणि सरळ वर ओढा. रबर काचेवरून सुटतं त्या क्षणी काटा काय दाखवतो ते बघा. ब्लेडच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम हा ढोबळ आकडा धरा. म्हणजे २४ इंची, साठ सेंटिमीटरच्या ब्लेडला सुमारे ९०० ग्रॅम. काटा पाचशेवरच थांबला तर ब्लेडवर खर्च करण्यात अर्थ नाही, दांडी बदला.

चौकटीचं आणि चपटं यांत आमचं मत असं: गाडी मूळ चौकटीच्या ब्लेडवर आली असेल आणि काचेला बेताचा बाक असेल, तर चौकटीचंच घ्या. ती चौकट झोपाळ्यासारखी हलते आणि काचेचा आकार स्वतः शोधते. तिचं दुखणं म्हणजे सांध्यांत साचणारी माती आणि किनारपट्टीला गंज. चपट्या ब्लेडमध्ये सांधे नाहीत, पोलादी पट्टीचा बाक हीच त्याची स्प्रिंग. तो बाक काचेशी जुळला तर वेगातही ते जास्त शांत चालतं. नाही जुळला तर टोकं अधांतरी राहतात किंवा मध्य. तपासायला सोपं आहे: ब्लेड लावल्यावर दांडी टेकवून बाजूने वाकून बघा, कुठे फट दिसते का. पाकीट फोडण्याआधी परत घेण्याचं दुकानदाराकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस असा कितीसा? वर्षात वीस-पंचवीस दिवस वायपर लागतो. तरी दरवर्षी रबर जातं. फसवणूक होते आहे का? आणि नुसतं रबर बदललं तर चालेल का? (वाचक, सोलापूर)

वापराने झिजण्याआधीच तुमचं रबर उन्हाने मरतं. ऊन, हवेतला ओझोन आणि तापलेली काच यांनी धार कडक होते, पुढे बारीक भेगा पडतात. शिवाय गाडी महिनोन्महिने वायपर न चालवता उभी राहिली की धार एकाच बाजूला झुकलेली राहते आणि तशीच घट्ट होते. वायपरचं सगळं कौशल्य त्या धारेच्या कलंडण्यात आहे. दांडी वर जाताना धार खाली झुकते, परतताना उलटी पडते, म्हणजे ती नेहमी फरफटत मागून येते. कलंडायची थांबली की परतीच्या फेरीत ती काचेला टोचत जाते. त्यामुळे कमी पावसाच्या गावातही वर्षाला एक जोडी हा हिशेब फसवणुकीचा नाही. फक्त खरेदीची वेळ साधा. दिवाळीत घातलेलं ब्लेड पूर्ण उन्हाळा भाजून पावसाला सामोरं जातं. मेच्या शेवटच्या आठवड्यात घातलेलं ताज्या धारेने जातं.

पंधरा दिवसांतून एकदा ओलं फडकं चिमटीत धरून धारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. सुरुवातीला काळं निघेल, फडकं स्वच्छ यायला लागलं की थांबा. पेट्रोल, रॉकेल किंवा गंज सोडवायचे फवारे रबराला लावू नका, रबर फुगतं आणि मऊ पडून फाटतं.

नुसतं रबर बदलणं चौकटीच्या ब्लेडला उत्तम, चौकट सरळ असेल आणि सांधे मोकळे असतील तर. नवीन ब्लेडच्या मानाने खर्च फारच कमी. जुनं रबर घेऊनच दुकानात जा, कारण पाठीची रुंदी वेगवेगळी येते आणि ६ मिलिमीटरचं रबर ८ च्या पंजात, म्हणजे रबर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या चिमटीत, खुळखुळतं. रबराच्या दोन्ही कुशींत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. जुन्या काढताना त्यांचा बाक कोणत्या बाजूला आहे ते बघून ठेवा. नव्या रबरात त्या तशाच, खाचा आतल्या बाजूला ठेवून घालायच्या. चौकटीचा एकेक पंजा खोबणीत ओवत न्या, एकही सुटू देऊ नका. शेवटचा पंजा रबराच्या टोकाजवळच्या खाचेत अडकला पाहिजे, नाहीतर रबर भर पावसात सापासारखं बाहेर सरकतं. लांबी जास्त असेल तर दुसरं टोक धारदार कात्रीने काटकोनात कापा.

चपट्या ब्लेडचं रबर बदलायच्या फंदात सहसा पडू नये. बरीच ब्लेड त्यासाठी बनवलेलीच नसतात.

प्रश्न : नवी ब्लेड दोन दिवस छान चालली, गाडी धुऊन-पॉलिश करून आणल्यावर थरथरत, टकटक करत फिरतात. (वाचक, पुणे)

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. पॉलिशचं मेण किंवा पाणी झटकणारा लेप काचेवर गेला आहे. रबर थोडं चिकटतं, सुटतं, उडी मारतं, पुन्हा चिकटतं. वर सांगितल्याप्रमाणे काच अल्कोहोलने पुसा आणि रबराची धारही पुसा, कारण मेण आता दोघांवर आहे.

त्यानेही थांबलं नाही तर थरथर कोणत्या दिशेला आहे ते बघा. जाताना आणि येताना, दोन्हीकडे असेल तर काच किंवा रबर. फक्त वर जाताना किंवा फक्त खाली येताना असेल तर दांडी पिळली गेली आहे. धुणाऱ्या पोराने ती वाकडी उचलली, किंवा गाडीवरचं कव्हर ओढताना अडकली. ब्लेड काढून दांडीच्या टोकाकडे सरळ रेषेत बघा. तिचा सपाट भाग काचेला समांतर हवा. मेकॅनिक दोन पान्यांनी धरून हा पीळ काढतो. केसभर वळवायचं, पुन्हा चालवून बघायचं. घरी करायचं तर ब्लेड काढून आणि काचेवर जाड घडी ठेवून. बीडाच्या, म्हणजे ओतीव दांड्या असतील तर वाकवू नका, मोडतात.

प्रश्न : पिचकारीतून पाणी येत नाही. टाकीत मी भांडी घासायचं लिक्विड घालतो. (वाचक, डोंबिवली)

तेच नोझलमध्ये वाळलं आहे. भांड्यांच्या साबणाचा फेस काचेवर राहतो, वायपरने मळतो आणि कडेला रंगावर ओघळतो. टाकी रिकामी करा, दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळून काढा. नोझलच्या भोकात बारीक टाचणी अलगद फिरवा. खटका दाबल्यावर मोटरची घरघर ऐकू येते का बघा. येत असेल आणि पाणी नसेल तर नळी निसटली किंवा तुंबली आहे. आवाजच नसेल तर आधी फ्यूज.

पुढे टाकीत आरओचं किंवा बाटलीबंद पाणी आणि काचेचं तयार वॉशर लिक्विड, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. साधं पाणी महिनोन्महिने राहिलं तर शेवाळ धरतं. झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं, तेच उघडा. कूलंटच्या टाकीत वॉशरचं पाणी ओतलेल्या गाड्या गॅरेजमध्ये नेहमी येतात, आणि ते बिल वायपरच्या दहा जोड्यांहून मोठं असतं.

प्रश्न : आंबा घाटात मुसळधार पावसात चालकाकडचा वायपर अचानक थांबला, डावा चालू होता. कारण काय, आणि अशा वेळी काय करावं? (वाचक, कोल्हापूर)

एक दांडी चालते आणि दुसरी थांबते, म्हणजे मोटर आणि फ्यूज ठीक आहेत. दांडीच्या बुडाशी प्लास्टिकचं टोपण असतं, त्याखाली नट. तो ढिला झाला की दांते असलेला दांडा आतल्या आत फिरतो आणि वरची दांडी जागची हलत नाही. बहुतेक गाड्यांत त्याला नेहमीच्या संचातला पाना चालतो. दांडी मूळ जागेवर ठेवून नट आवळा. दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तर आवळलेला नट दोन दिवसांत पुन्हा सुटेल, मग दांडी नवी. नट घट्ट असूनही दांडी मेली असेल तर बॉनेटच्या मागच्या जाळीखाली जोडदांड्यांचा, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत पोचवणाऱ्या सळयांचा, गोळा खोबणीतून निसटला आहे. ते गॅरेजचं काम. दोन्ही दांड्या थांबल्या आणि मोटरची घरघर चालू आहे, तर मोटरवरचा जोड सुटला. दोन्ही थांबल्या आणि आवाजही नाही, तर फ्यूज, मग रिले, मग मोटर, या क्रमाने.

घाटात पहिलं काम म्हणजे धोक्याचे दिवे लावून रुंद जागी, वळण सोडून, दरडीच्या कड्यापासून लांब थांबणं. खिडकीतून डोकं काढून गाडी हाकू नका. दांडी चालते आहे पण चालकाकडचं रबर फाटलं आहे, अशी वेळ असेल तर डावीकडचं ब्लेड काढून उजवीकडे लावा. आकडा सहसा सारखाच असतो. लहान पडलं तरी डोळ्यांसमोरचा भाग पुसतं. डाव्या उघड्या आकड्याला मोजा किंवा फडकं गुंडाळून रबरबँडने घट्ट बांधा, नाहीतर तो काचेवर कायमची कमान कोरतो. टाटा नॅनोच्या मालकांना ही सोय नाही, त्या गाडीला समोर एकच वायपर.

ब्लेड ठीक असूनही वायपर पावसाला पुरा पडत नसेल तर घड्याळ लावून फेऱ्या मोजा. वेगवान गतीत मिनिटाला ४५ पेक्षा कमी फेऱ्या होत असतील तर जोडदांड्यांत माती किंवा गंज आहे, किंवा मोटर थकली आहे.

प्रश्न : मागच्या काचेचा वायपर कसा काढायचा? (वाचक, मडगाव)

मागची दांडी बहुधा प्लास्टिकची असते आणि पुढच्यासारखी पूर्ण उभी राहत नाही. जितकी सहज उठते तितकीच उचला. ब्लेड दांडीपासून बाहेर फिरवत न्या, काटकोनाच्या आसपास खटका सुटतो, मग सरळ ओढा. माप लहान असतं आणि जोडणी कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे समोरच्या ब्लेडच्या पाकिटातल्या जोडण्या इथे चालत नाहीत. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या.

प्रश्न : वायपरने काचेवर कमानीसारखा ओरखडा पडला. पॉलिशने जाईल का? विम्यातून काच मिळेल का? (वाचक, चिंचवड)

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर सेरियम ऑक्साइडने तो फिका होतो, पूर्ण जातोच असं नाही. नख अडकत असेल तर हात लावू नका. तेवढं खोल घासायचं तर काचेत खळगा पडतो आणि समोरचा रस्ता त्यातून लहरी दिसतो, ते ओरखड्यापेक्षा वाईट.

विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही हे खरं, पण नुकसान अपघाताने झालेलं हवं. झीज त्यात बसत नाही. दावा मंजूर झालाच तर साध्या पॉलिसीत पुढच्या वर्षीची नो-क्लेम सवलत जाते, तिचा आकडा काचेच्या किमतीशी ताडून बघा. काच बदलायची वेळ आली आणि गाडीला आपोआप चालणारा वायपर असेल, तर आरशामागच्या सेन्सरखालची पारदर्शक जेलची चकती नवी लावायला सांगा. सेन्सर काचेतून परावर्तित होणारा अवरक्त प्रकाश मोजतो. चकतीत हवेचा बुडबुडा राहिला की वायपर कोरड्या उन्हात फिरू लागतो.

प्रश्न : पावसात डाव्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं. वायपरच्या जागेतून पाणी येतं का? (वाचक, सावंतवाडी)

वायपरच्या बुडाशी जी काळी जाळी आहे, तिच्याखाली पाणी वाहून नेणारी पन्हळ असते आणि तिला दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं असतात. आंब्याफणसाच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं कुजून ती बुजतात. पन्हळ भरली की पाणी एसीच्या हवेच्या तोंडातून आत उतरतं. बॉनेट उघडून पानं हाताने काढा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतं का बघा. तारेने ढोसू नका, रबरी नळी फाटते.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. दिवसभर वायपर उभे करून ठेवावेत का? आणि खराब वायपरला दंड होतो का? (वाचक, नागपूर)

दंडाचं आधी. चालू स्थितीतला वायपर असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०१व्या नियमानेच बंधनकारक आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेता तेव्हाही तो बघितला जातो.

उभे करून ठेवल्याने रबर तापलेल्या काचेला चिकटत नाही एवढा फायदा होतो. पण ऊन त्याला तसंही लागतंच, आणि दुपारच्या वावटळीत किंवा गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दांडी काचेवर आपटली तर रबराच्या किमतीत काच जाते. त्यापेक्षा काचेच्या बाहेरून, वायपरवरून जाईल असा जाड कापडाचा पडदा टाका आणि त्याच्या कडा दारांत अडकवा, रबरही झाकलं जातं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ब्लेड काढून घरात ठेवा आणि दोन्ही आकड्यांना जुने मोजे बांधून दांड्या टेकवा. परत आल्यावर किल्ली फिरवण्याआधी खटका बंद आहे ना बघा. मोजे चढवलेले वायपर फिरले तर काच फुटत नाही, पण कोरडी धूळ ते तिच्यावर चांगलीच घोटतात.